विश्लेषण : कोट्यवधी चाली मोजणाऱ्या बुद्धिबळ इंजिनला ‘ओपनिंग बुक’ कशासाठी लागते?

बुद्धिबळाचे संगणकीय इंजिन सेकंदाला लाखो, प्रसंगी कोट्यवधी स्थिती तपासते. तरीही अनेक दशके या इंजिनांच्या पहिल्या दहा-पंधरा चाली हिशेबातून येत नव्हत्या. त्या आधीच लिहून ठेवलेल्या असत. या साठ्याला ‘ओपनिंग बुक’ म्हणतात. याच पाठांतराने १९९७ मध्ये जगज्जेत्याविरुद्धच्या सामन्याला निर्णायक वळण दिले आणि ‘खेळतो कोण, यंत्र की ते पुस्तक लिहिणारा माणूस?’ हा वादही उभा केला. आज अव्वल इंजिने पुस्तकाशिवायही उत्तम सुरुवात करतात. मग ओपनिंग बुकची गरज संपली का? नाही. तिचे काम बदलले. ते कसे, हे समजून घेऊ.

ओपनिंग बुक म्हणजे नेमके काय?

बुद्धिबळाच्या डावाचे ढोबळ तीन भाग पडतात : सुरुवात, मध्य आणि शेवट. सुरुवातीची पटावरील मांडणी नेहमी सारखीच असल्याने या टप्प्याचा अभ्यास शतकानुशतके झाला आहे. सिसिलियन बचाव, रुय लोपेझ, क्वीन्स गॅम्बिट, कारो-कान ही त्यातूनच रूढ झालेली नावे. ओपनिंग बुक म्हणजे या अभ्यासाची संगणकाला कळेल अशी नोंदवही. पटावर अमुक स्थिती असेल तर तमुक चाल खेळ, एवढेच त्यात लिहिलेले असते.

स्थिती बुकमध्ये सापडली, की इंजिन विचार न करता चाल खेळते. एका स्थितीसाठी अनेक चाली दिलेल्या असतील तर प्रत्येकीला एक ‘वजन’ असते. जास्त वजनाची चाल जास्त वेळा निवडली जाते. प्रतिस्पर्ध्याने नोंदवहीत नसलेली चाल केली, की इंजिन ‘बुकबाहेर’ पडते आणि स्वतःचा हिशेब सुरू करते.

वेगवान यंत्राला पाठांतराची गरज का?

पहिले कारण आकड्यांचे. पांढऱ्याकडे पहिल्या चालीला २० पर्याय असतात. दोघांची एकेक चाल झाली, की ४०० क्रम संभवतात. दोघांच्या तीन-तीन चालींनंतर ही संख्या ११,९०,६०,३२४ होते. सहा-सहा चालींनंतर ती ६२८ वर १४ शून्ये एवढी मोठी होते. सेकंदाला २० कोटी क्रम तपासणारे यंत्रही ते सगळे एकेक करून पाहायला सुमारे १० वर्षे घेईल. अर्थात इंजिने निरुपयोगी फांद्या छाटत जातात, त्यामुळे ती याहून बरीच खोल पाहू शकतात. पण सुरुवातीच्या एखाद्या चालीचा परिणाम २५-३० चालींनंतर प्याद्यांच्या रचनेतून दिसतो. जुन्या इंजिनांची नजर तिथवर पोहोचत नसे. नजरेच्या टप्प्यापलीकडचा धोका यंत्राला जणू अस्तित्वातच नसतो, या दोषाला संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७० च्या दशकात ‘क्षितिज परिणाम’ असे नाव दिले होते.

दुसरे कारण घड्याळाचे. समजा, पहिल्या ४० चालींसाठी दोन तास आहेत, म्हणजे प्रत्येक चालीला सरासरी तीन मिनिटे. पहिल्या १२ चाली बुकमधून झटपट झाल्या तर उरलेल्या २८ चालींना प्रत्येकी सव्वाचार मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. वाचलेला वेळ गुंतागुंतीच्या मध्य डावात कामी येतो.

तिसरे कारण विविधतेचे. तीच स्थिती, तेवढाच वेळ आणि तेच यंत्र असेल तर इंजिन बहुधा तीच चाल खेळणार. मग एकदा हरलेला डाव प्रतिस्पर्धी पुन्हा जसाच्या तसा खेळू शकतो. बुकमधील वजनांमुळे निवडीत थोडा योगायोग येतो आणि इंजिनचा अंदाज बांधणे अवघड होते.

लाखो स्थिती साठवायच्या कशा?

चालींचे क्रम लिहून ठेवणे ही सोपी पद्धत, पण ती अपुरी ठरते. पांढऱ्याने आधी वजिरापुढचे प्यादे हलवून मग शेजारच्या उंटापुढचे हलवले काय किंवा उलट केले काय, काळ्याची उत्तरे तीच असतील तर पटावर स्थिती एकच होते. म्हणून बुकमध्ये चालींच्या क्रमाऐवजी थेट स्थिती साठवतात.

त्यासाठी प्रत्येक स्थितीला ६४ बिटांचा एक क्रमांक दिला जातो. अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडलेली ही युक्ती आजही वापरात आहे. पांढऱ्या-काळ्यांचे मिळून मोहऱ्यांचे १२ प्रकार आणि ६४ घरे, म्हणजे ७६८ जोड्या. त्यात कॅसलिंगच्या हक्कांसाठी चार, ‘आँ पासाँ’ या प्याद्याच्या खास माऱ्यासाठी आठ आणि चाल कुणाची हे सांगण्यासाठी एक, अशा ७८१ यादृच्छिक संख्या आधीच ठरवलेल्या असतात. पटावर जे जे असेल त्याच्या संख्या एकत्र गुंफल्या, की त्या स्थितीचा क्रमांक तयार होतो. एखादा घोडा हलला तर सगळे गणित पुन्हा करावे लागत नाही. जुन्या घराची संख्या काढायची आणि नव्या घराची घालायची, की झाले.

‘पॉलिग्लॉट’ या प्रसिद्ध मुक्त स्वरूपात प्रत्येक नोंद अवघी १६ बाइटची असते. आठ बाइट स्थितीच्या क्रमांकाला, दोन चालीला, दोन वजनाला आणि चार शिकण्याच्या नोंदीला. म्हणजे १० लाख नोंदींचे बुक फक्त १.६ कोटी बाइटमध्ये, साधारण १६ एमबीत मावते. नोंदी क्रमांकानुसार चढत्या क्रमाने लावलेल्या असतात. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडून मागे-पुढे जातो, तसेच इंजिन करते. १० लाखांतून हवी ती नोंद सुमारे २० तुलनांत सापडते.

‘डीप ब्लू’च्या विजयात बुकचा वाटा किती?

‘आयबीएम’चे ‘डीप ब्लू’ आणि जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांच्यात १९९६ मध्ये फिलाडेल्फियात झालेला सामना कास्पारोव्ह यांनी ४–२ असा जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुन्हा सामना झाला. तोपर्यंत ‘आयबीएम’ने यंत्राइतकेच लक्ष बुककडेही दिले होते. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांनी प्रामुख्याने हाताने तयार केलेल्या या बुकमध्ये सुमारे ४,००० स्थिती होत्या. निक डि फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि मिगेल इयेस्कास या ग्रँडमास्टरांनी त्यांना साह्य केले. यंत्र ज्या प्रकारच्या स्थितीत चांगले खेळते, त्याच स्थितींकडे नेणाऱ्या सुरुवाती त्यात निवडलेल्या होत्या. ऐनवेळच्या बदलांसाठी एक छोटे वेगळे बुकही होते. शिवाय ग्रँडमास्टरांच्या सात लाख डावांवरून तयार केलेला ‘विस्तारित’ साठा होता. एखादी चाल किती वेळा, किती ताकदीच्या खेळाडूंनी, किती अलीकडे आणि कोणत्या निकालासह खेळली, हे पाहून तो यंत्राच्या विचाराला दिशा देत असे.

कास्पारोव्ह यांना याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच तिसऱ्या डावात त्यांनी पहिलीच चाल वजिरापुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवण्याची केली. जगज्जेत्याच्या दर्जाला न शोभणारी ही चाल यंत्राला लवकरात लवकर बुकबाहेर काढण्यासाठी होती. डाव बरोबरीत सुटला.

११ मे रोजी सहाव्या आणि शेवटच्या डावाआधी दोघांचेही २.५ गुण होते. काळ्या मोहऱ्यांसह खेळणाऱ्या कास्पारोव्ह यांनी कारो-कान बचाव निवडला. सातव्या चालीला आधी उंट बाहेर काढण्याचा रूढ क्रम सोडून त्यांनी हत्तीपुढचे प्यादे एक घर पुढे केले आणि पांढऱ्या घोड्यावर हल्ला चढवला. ‘डीप ब्लू’ने घोडा मागे घेतला नाही. ई-६ घरातील प्यादे मारून त्याने घोड्याचे बलिदान दिले. काळा राजा मध्यभागी अडकला आणि पांढऱ्याच्या १९ व्या चालीनंतर कास्पारोव्ह यांनी हार मानली. सामना ३.५–२.५ असा यंत्राने जिंकला.

हे बलिदान यंत्राने हिशेब करून शोधलेले नव्हते, ते बुकमध्ये होते. त्या काळचे प्रोग्रॅम ठोस परतावा दिसल्याशिवाय मोहरा सोडत नसत आणि कास्पारोव्ह यांचा अंदाज त्यावरच बेतलेला होता, असे मानले जाते. इयेस्कास यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की ही चाल त्याच दिवशी सकाळी बुकमध्ये घालण्यात आली होती. मात्र हेही लक्षात घ्यायला हवे, की बुकने घोडा दिला, पण त्यानंतरचा हल्ला बिनचूक चालवणे हे यंत्राचेच काम होते. आणि बलिदानाची ती कल्पना तज्ज्ञांना आधीपासून माहीत होती. माणसाने पाठ केलेली चाल खेळली तर आपण तिला ‘तयारी’ म्हणतो. यंत्राच्या बाबतीत तिला काय म्हणायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला.

बुक चुकते कुठे?

मोठे बुक म्हणजे चांगले बुक, असे नाही. लाखो डावांच्या आकडेवारीवरून आपोआप तयार केलेल्या बुकमध्ये एक सापळा असतो. समजा, एखादी चाल ५०० डावांत खेळली गेली आणि तिने भरपूर विजय दिले. मग कुणीतरी तिचा तोड शोधून काढला. पुढच्या डावांत ती चाल हरलीच, पण तिचा बोजवारा उडाल्याने फारसे कुणी ती खेळलेच नाही. आकडेवारीत जुने विजयच भारी पडतात. बुक ती चाल अजूनही ‘उत्तम’ म्हणून सुचवते आणि इंजिन डोळे झाकून त्या खड्ड्यात पडते.

दुसरी अडचण बुक संपण्याच्या क्षणाची. एखाद्या गॅम्बिटमध्ये प्यादे देऊन हल्ल्याची संधी घेतलेली असते. तेथवर बुक घेऊन जाते आणि थांबते. प्यादे का दिले हे इंजिनला ठाऊकच नसते. जुनी इंजिने अशा वेळी ‘आपण एका प्याद्याने मागे आहोत’ एवढेच पाहत आणि हल्ल्यासाठी मोक्याच्या जागी ठेवलेली मोहरी मागे घेत. बुकमधील शहाणपण आणि इंजिनची स्वतःची समज यांचा सांधा जुळत नसे. घोकंपट्टी केलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न थोडा फिरवून विचारला, की जे होते तेच हे.

म्हणून कसलेले बुककार इंजिनच्या स्वभावाला मानवणाऱ्या सुरुवाती निवडत, कमकुवत चालींची वजने शून्यावर आणत आणि हरलेल्या डावांनंतर बुकमध्ये दुरुस्ती करत. नेदरलँड्सचे येरून नोमेन हे ‘रेबेल’ आणि ‘रिब्का’ या इंजिनांच्या बुकसाठी ओळखले जातात. ज्या काळात दोन इंजिनांच्या ताकदीत फारसे अंतर नसे, तेव्हा स्पर्धेचा निकाल पुष्कळदा बुकवर ठरे.

पुस्तक समोर ठेवून खेळणे योग्य आहे का?

माणूस सामन्यात वही उघडून बसू शकत नाही. यंत्राला मात्र ती मुभा मिळते. यावर प्रतिवाद असा, की यंत्राच्या बाबतीत स्मरणशक्ती आणि वही यांत फरकच नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २००६ मध्ये बॉन येथे व्लादिमिर क्रॅमनिक आणि ‘डीप फ्रिट्झ’ यांच्या सामन्यात यावर एक मधला मार्ग काढण्यात आला. यंत्र बुकमधून खेळत असेपर्यंत त्याचे बुक क्रॅमनिक यांनाही पडद्यावर पाहता येईल, अशी अट होती. बुक संपले, की दोघेही आपापल्या बळावर. या व्यवस्थेतही ‘फ्रिट्झ’ने ४–२ अशी बाजी मारली. दुसऱ्या डावात क्रॅमनिक यांच्या नजरेतून एका चालीतील मात सुटली, ती चूक आजही सांगितली जाते. पण तिचा बुकशी काही संबंध नव्हता. यंत्रे बुकबाहेरही माणसाला भारी पडू लागली होती.

‘अल्फाझीरो’ने बुकची गरज संपवली का?

डिसेंबर २०१७ मध्ये ‘डीपमाइंड’ने ‘अल्फाझीरो’चे निकाल जाहीर केले. त्याला फक्त खेळाचे नियम दिले होते. ना बुक, ना मानवी डाव. स्वतःशीच खेळून शिकलेल्या या प्रोग्रॅमने ‘स्टॉकफिश ८’विरुद्ध १०० डावांत २८ विजय मिळवले, ७२ डाव बरोबरीत सुटले. माणसांनी शतकांच्या अनुभवातून रूढ केलेल्या लोकप्रिय सुरुवाती त्याने शिकता शिकता स्वतःच शोधून काढल्या. काही पुढे सोडूनही दिल्या.

टीकाकारांनी तेव्हा जे आक्षेप घेतले, त्यांत एक बुकचाही होता : ‘स्टॉकफिश’ला बुक दिलेच नव्हते. म्हणून २०१८ च्या अखेरीस ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात अधिक कठोर चाचण्या मांडल्या गेल्या. १,००० डावांच्या मुख्य सामन्यात ‘अल्फाझीरो’ने १५५ जिंकले, ६ गमावले आणि ८३९ बरोबरीत सुटले. ताकदवान बुक वापरणाऱ्या ‘स्टॉकफिश’विरुद्धही त्याने बाजी मारली. सुरुवातीच्या टप्प्यातील समज पाठांतराशिवाय मिळवता येते, हे यातून सिद्ध झाले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘स्टॉकफिश १२’नेही मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क स्वीकारले. आज ‘स्टॉकफिश’सोबत स्वतःचे ओपनिंग बुक येत नाही आणि त्यामुळे त्याचे फारसे बिघडतही नाही.

मग आज बुक कशासाठी?

वरचा ८३९ हा आकडा पुन्हा पाहा. दोन तुल्यबळ आणि जवळजवळ बिनचूक इंजिने नेहमीच्या मांडणीपासून खेळली, की बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मग श्रेष्ठ कोण, हे ठरवायचे कसे? येथे बुक नव्या भूमिकेत येते. ‘टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप’मध्ये इंजिनांना स्वतःचे बुक वापरू दिले जात नाही. आयोजक सुरुवातीच्या चाली ठरवून देतात. अंतिम फेरीच्या १०० डावांसाठी ५० सुरुवाती घेतल्या जातात आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवली जाते, मोहऱ्यांचे रंग बदलून. या सुरुवातींच्या निवडीत नोमेन यांचाही मोठा वाटा राहिला आहे. पूर्वी एका इंजिनला जिंकून देण्यासाठी बुक रचणारा तज्ज्ञ आता दोघांना समान पेपर काढतो आहे.

हा पेपर मुद्दाम कठीण काढला जातो. एका बाजूला ठळक वर्चस्व आहे, पण विजय निश्चित नाही, अशा उंबरठ्यावरील स्थिती निवडल्या जातात. दोन्ही इंजिनांनी आपापल्या पाळीत पांढऱ्याकडून विजय मिळवला तर हिशेब १–१ असा मिटतो. एकाने जिंकला आणि दुसऱ्याला त्याच स्थितीत फक्त बरोबरी मिळाली, तर फरक उघड होतो. ‘स्टॉकफिश’च्या १५.१ आवृत्तीपासून मूल्यमापन ‘अधिक एक’ म्हणजे विजयाची शक्यता ५० टक्के, असे प्रमाण ठरले आहे. उंबरठा म्हणजे साधारण हीच जागा.

‘स्टॉकफिश’मधील प्रत्येक प्रस्तावित सुधारणा ‘फिशटेस्ट’ या यंत्रणेवर स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळून तपासली जाते. तेथेही डावांची सुरुवात अशाच असमतोल बुकमधून होते. समतोल सुरुवातींनी बरोबरींचा ढीग साचतो आणि छोटी सुधारणा त्यात दिसेनाशी होते. योग्य बुक असेल तर तीच सुधारणा कमी डावांत ओळखता येते, म्हणजे संगणकांचा वेळही वाचतो. इंजिनची ताकद वाढवण्यात बुकचा हात आजही आहे, फक्त तो प्रयोगशाळेत आहे.

सामान्य खेळाडूने यातून काय घ्यावे?

डावाच्या शेवटासाठी असलेले ‘टेबलबेस’ आणि ओपनिंग बुक यांत गल्लत करू नये. पटावर राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की टेबलबेस अचूक निकाल सांगते. त्यात मतभेदाला जागा नाही. ओपनिंग बुक मात्र मत आहे, कालच्या खेळाडूंचे किंवा कालच्या इंजिनचे. ते उद्या बदलू शकते.

‘लिचेस’सारख्या मोफत संकेतस्थळांवर मास्टर खेळाडूंच्या डावांची आकडेवारी आणि ‘स्टॉकफिश’चे मूल्यमापन शेजारी शेजारी पाहता येते. दोन्ही एकच चाल सुचवत असतील तर निर्धास्त राहावे. दोन्हींत फरक असेल तर खरा अभ्यास तिथे सुरू होतो. किती डाव झाले, ते कुणी खेळले, कधी खेळले आणि लोकप्रिय चालीचा तोड अलीकडे सापडला आहे का, हे पाहावे. वर्गात शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनीही चालींची यादी देण्याआधी त्या यादीच्या शेवटी कोणती स्थिती येते आणि तिथून पुढे काय करायचे, हे मुलांना दाखवावे. जुनी इंजिने नेमकी याच जागी अडखळत होती.

आपण किती पाठांतरावर खेळतो आणि किती समजुतीवर, हे तपासायचे असेल तर बॉबी फिशर यांनी १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये मांडलेला प्रकार खेळून पाहावा. त्यात मागच्या रांगेतील मोहऱ्यांची मांडणी ९६० पैकी कोणतीही एक येते. पाठ केलेले बुक पहिल्या चालीपासूनच निरुपयोगी होते. इंजिनलाही आणि माणसालाही तिथे आरंभापासून विचार करावा लागतो.